फायबरच्या बॉडीची पाठ

१९६२ मध्ये कॅरोल शेल्बी या अमेरिकी शर्यतपटूने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या दोन आसनी गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्माला आली. पुढच्या पाच-सहा वर्षांत अशा जेमतेम हजार गाड्या तयार झाल्या. त्यांतली अगदी पहिली गाडी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. साहजिकच आज अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये रस्त्यावर कोब्रा दिसली, तर ती प्रतिकृती असण्याचीच शक्यता फार मोठी. मूळ कोब्राची बॉडी कारागिरांनी हाताने वळवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची होती, प्रतिकृतीची बहुधा फायबरग्लासची असते. पोर्शेच्या ३५६ स्पीडस्टरचंही असंच झालं. १९५४ साली आलेली ती गाडी पोलादी पत्र्याची होती. तिच्या प्रतिकृती मात्र फोक्सवॅगन बीटलच्या तळावर उभ्या राहिल्या. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४०० मिलिमीटर, स्पीडस्टरचं २१००. म्हणून बीटलचा तळ मधून सुमारे ३०० मिलिमीटर कापायचा, पुन्हा जोडायचा आणि त्यावर फायबरची बॉडी बसवायची, अशी ही पद्धत.

मला या प्रतिकृतींबद्दल आस्था आहे. ज्या गाडीला सामान्य माणूस संग्रहालयाच्या दोरीपलीकडूनच पाहू शकतो, तिचं रूप त्या रस्त्यावर जिवंत ठेवतात. पण त्या विकत घेणारे लोक बहुतेक वेळा रंगाची चकाकी पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात आणि बॉडीला वरून हात फिरवून समाधान मानतात. फायबरच्या बॉडीबाबत ही परीक्षा पुरेशी नाही. तिचं भलंबुरं जवळजवळ सगळं तिच्या पाठीवर, म्हणजे आतल्या बाजूला लिहिलेलं असतं.

असं का, हे समजण्यासाठी बॉडी कशी बनते ते पाहिलं पाहिजे. इमारतीच्या स्लॅबमध्ये ताण सळई घेते आणि तिला जागेवर धरून ठेवण्याचं काम काँक्रीट करतं. फायबरग्लासमध्ये सळईच्या जागी काचेचे बारीक तंतू असतात आणि काँक्रीटच्या जागी रेझिन. हे रेझिन बहुधा पॉलिएस्टर जातीचं असतं. त्यात एक-दोन टक्के हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया सुरू होते, रेझिन तापतं आणि घट्ट होतं. काम उलट्या क्रमाने चालतं. आधी साच्याच्या आतल्या गुळगुळीत पृष्ठभागाला मेणाचे हात द्यायचे, म्हणजे बॉडी साच्याला चिकटत नाही. मग जेलकोट फवारायचा. हा रेझिनचाच दाट, तंतू नसलेला थर, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, इतका आवळला की त्यावर काचेच्या तंतूंच्या चादरीचा, म्हणजे मॅटचा, पहिला पातळ थर बसवायचा, ब्रशने रेझिन पाजायचं आणि खाचा असलेल्या लोखंडी रोलरने आतली हवा दाबून बाहेर काढायची. मग एकावर एक जाड थर. म्हणजे बॉडीचा जो चेहरा जगाला दिसणार, तो सर्वांत आधी बनतो आणि लगेच झाकला जातो. कारागिराला काम करताना फक्त पाठ दिसते. गाडी घेणाऱ्याला फक्त चेहरा दिसतो.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे स्वस्ताई. पोलादी पॅनेल दाबून काढायचं तर प्रचंड प्रेस आणि महागडे डाय लागतात. फायबरला एक शेड, एक साचा आणि समजूतदार हात पुरतात. म्हणूनच १९५०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या होड्या बनवणाऱ्यांनी पहिल्यांदा गाड्यांकडे मोर्चा वळवला. बिल ट्रिट यांची ग्लासपार जी-२ ही १९५१ची गाडी त्यांतलीच. १९५३ मध्ये जनरल मोटर्सने शेवरोले कॉर्व्हेट आणली, तेव्हा पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या मिशिगनमधल्या फ्लिंट इथे जवळजवळ हातानेच जुळवल्या गेल्या. फायबरचे कितीतरी सुटे तुकडे चिकटवून ती बॉडी तयार होई. एवढ्या मोठ्या कंपनीलाही सांधे आणि दरवाज्यांच्या फटी यांनी सतावलं. जुन्या कॉर्व्हेटवर आजही कधीकधी रंगाखालून त्या सांध्यांची रेघ उमटलेली दिसते. त्या गाडीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. फायबर रेडिओलहरींना अडवत नाही, म्हणून रेडिओची अँटेना डिकीच्या झाकणातच दडवता आली. पण त्याच कारणाने इंजिनाच्या ठिणगीचा खरखराटही अडेना, म्हणून ठिणगीच्या भागांभोवती धातूचं आवरण घालावं लागलं.

स्वस्ताईच्या पोटातच फायबरचा पहिला मोठा दोष आहे. जी वस्तू सहज बनते, तिची नक्कलही सहज होते. ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये बीटलचे यांत्रिक भाग वापरणारी मेयर्स मँक्स ही वाळूत पळणारी बग्गी बनवली. तेही होड्या बनवण्याच्या धंद्यातले. लवकरच कोणीही तयार बग्गी घेऊन तिच्यावरूनच साचा काढू लागलं. मेयर्स पेटंटसाठी कोर्टात गेले आणि हरले. कोब्राच्या बाबतीतही हेच घडत आलं आहे. चांगला बनवणारा मूळ गाडीवरून किंवा काळजीपूर्वक घडवलेल्या नमुन्यावरून साचा काढतो. दुसरा त्याच्या विकल्या गेलेल्या बॉडीवरून काढतो, तिसरा दुसऱ्याच्या बॉडीवरून. दर पिढीत बॉडी थोडी आकसते, थोडी पिळवटते, कडा बोथट होतात, हेडलाइटभोवतीची वळणं सुजतात. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. मूळ कोब्रा हाताने घडवलेली असल्यामुळे तिची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. त्यामुळे केवळ दोन बाजूंत फरक आहे म्हणून प्रतिकृतीला नाव ठेवू नये. पण बॉनेटची कड एका ठिकाणी तीन मिलिमीटर वर आणि दुसरीकडे तितकीच खाली असेल, तर तो मूळ गाडीचा वारसा नव्हे, साच्याचा किंवा घाईचा दोष.

घाई हा शब्द या धंद्यात फार महत्त्वाचा आहे. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं, घनफळाच्या साधारण सहा-सात टक्क्यांच्या आसपास. काचेचे तंतू आकसत नाहीत. त्यामुळे रेझिन पूर्ण पिकेपर्यंत पृष्ठभागाखाली ओढाताण चालू राहते. बॉडी साच्यातून निघाली म्हणजे ती पिकली असं नाही. स्पर्शाला दगडासारखी लागली तरी आतली क्रिया थंड हवेत कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणून जाणकार कारागीर बॉडी साच्यातच किंवा नीट आधारावर ठेवून गरम खोलीत पिकवतात. ४० अंश सेल्सिअसला १६ तास हे जुनं, भरवशाचं प्रमाण. ज्याच्याकडे गरम खोली नाही, तो निदान बॉडी उन्हात तापू देतो आणि मगच रंगाला हात घालतो. ज्याला महिन्याला चार बॉड्या जास्त काढायच्या आहेत, तो सकाळी साचा भरतो आणि दुसऱ्या सकाळी रिकामा करतो. अशी कच्ची बॉडी आधाराशिवाय पडून राहिली, तर स्वतःच्या वजनाने वाकते आणि त्याच वाकलेल्या आकारात पिकते. पुढे ती चेसिसवर जबरदस्तीने बोल्टने ओढून बसवली जाते आणि तिचे ताण कायमचे गाडीबरोबर येतात.

नव्या गाडीवर यातलं काहीच दिसत नाही. रंगाच्या दुकानात बॉडी सपाट घासली जाते, पुट्टीचे हात बसतात, वर लकाकता क्लिअर कोट चढतो आणि गाडी आरशासारखी दिसते. मग पहिला कडक उन्हाळा येतो. गडद रंगाचं पॅनेल उन्हात सत्तर अंशांच्या वर सहज जातं. साध्या पॉलिएस्टर रेझिनला तेवढ्या तापमानाला नरमपणा येऊ लागतो. आतली अर्धवट राहिलेली क्रिया पुन्हा जागी होते, रेझिन आणखी आकसतं आणि मॅटच्या तंतूंचं जाळं रंगातून वर उमटतं. कारागीर याला 'प्रिंट येणं' म्हणतात. बॉनेटच्या आत चिकटवलेल्या पट्ट्यांची सावली, सांध्याची रेघ, पुट्टीच्या ठिगळाचा आकार हेही असेच वर येतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीत ते लपतं. काळ्या आणि गडद निळ्या गाडीत, म्हणजे कोब्रावर लोकांना हमखास हव्या असणाऱ्या रंगांत, ते लगेच डोळ्यांत भरतं. पुन्हा घासून पुन्हा रंग दिला की वर्षभर बरं दिसतं. बॉडी पूर्ण पिकल्यानंतर केलेलं काम मात्र टिकतं.

यावर उपाय साच्यातच करायचा असतो. जेलकोटच्या मागे जाड विणलेलं कापड लगेच न लावता आधी बारीक मॅटचा थर लावून त्याला पिकू द्यावं. पॉलिएस्टरऐवजी व्हिनिलएस्टर रेझिन वापरावं. ते महाग असतं, पण उष्णता अधिक सोसतं आणि तडेही कमी जातात. मॅटमध्ये रेझिनही बेताचं असावं. कारागिराला वाटतं की रेझिन जास्त घातलं की मजबुती जास्त. प्रत्यक्षात सळई कमी आणि काँक्रीट जास्त झालेला स्लॅब जसा ठिसूळ, तशी ही बॉडी जड आणि ठिसूळ होते.

तड्यांविषयी बोलायला हवं, कारण या गाड्यांबद्दलची सर्वांत जास्त तक्रार त्यांचीच असते. जेलकोटचा थर कडक असतो, खालचा फायबरचा थर त्यापेक्षा लवचीक. जेलकोट प्रमाणापेक्षा जाड फवारला गेला, तर पॅनेल थोडं वाकलं तरी वरचा थर तडकतो. पण तडा कसा आहे, हे नीट पाहिलं तर त्याचं कारणही कळतं. एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारखे सर्व दिशांना गेलेले तडे बहुधा आघाताचे असतात, आणि तो आघात पुष्कळदा आतून झालेला असतो. चाकाने उडवलेला दगड मडगार्डच्या पाठीवर बसतो आणि ताऱ्यासारखा तडा वर उमटतो. समांतर रेघा असतील, तर तिथे बॉडी सतत वाकते आहे. बोल्टभोवती वर्तुळाकार तडे असतील, तर बोल्ट जास्त आवळला आहे किंवा भोक अगदी घट्ट पाडलं आहे. कोब्रात विंडस्क्रीनचे खांब बॉडीतून आरपार जाऊन चेसिसला जोडले जातात. त्यांच्या भोकांना मोकळी जागा ठेवली नाही, तर चेसिसची प्रत्येक पिळवट बॉडीवर येते आणि त्या फटीच्या कोपऱ्यांतून तडे निघतात. रोलबारच्या भोकांचंही तसंच. दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यांत बॉडी अगदी अरुंद होते, म्हणून तिथले तडे जवळजवळ प्रत्येक हलक्या प्रतिकृतीत कधी ना कधी दिसतात.

कोब्राचे एक्झॉस्ट पाइप दरवाज्यांच्या खालून बाजूने जातात. ते इतके तापतात की उतरताना पोटरी भाजते, हे कोब्रा चालवणाऱ्यांना माहीत असतं. पाइप आणि बॉडी यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पडदा आणि हवेची फट नसेल, तर तिथला रंग फुगतो, पिवळा पडतो आणि खालचं रेझिन करपतं.

फुगवट्यांचं आणखी एक कारण हवा. मॅट काटकोनात नीट वळत नाही. टोकदार कडेला ती पूल बांधते आणि खाली पोकळी राहते. रोलरही तिथे पोचत नाही. वर दिसतो फक्त कागदासारखा जेलकोट. घासताना तो फुटला तर बरं, पोकळी भरता येते. नाही फुटला, तर रंगाच्या भट्टीत किंवा उन्हात आतली हवा फुगते आणि रंगासकट फोड येतो. कोब्राच्या बॉडीचा साचा अनेक तुकड्यांचा असतो, कारण इतक्या गोलाईची बॉडी एका तुकड्यातून सुटत नाही. त्या तुकड्यांच्या सांध्यांची उंच रेघ बॉडीवर राहते आणि ती घासताना हे खड्डे सर्वांत जास्त उघडे पडतात. मॅसॅच्युसेट्समधली फॅक्टरी फाइव्ह ही कंपनी १९९५ पासून घरी जुळवायचे संच विकते. अशा संचातली बॉडी बिनरंगाची येते, त्यामुळे हे घासकाम घेणाऱ्याच्याच वाट्याला येतं. माझ्या मते ते एका अर्थी बरंच आहे, कारण रंगापूर्वी बॉडी पाहायला मिळते. दक्षिण आफ्रिकेत बनणाऱ्या सुपरफॉर्मन्सच्या गाड्या रंगवून, जवळजवळ पूर्ण करून येतात. तिथे विश्वास बनवणाऱ्याच्या कसबावर ठेवायचा. आणि ज्यांना फायबर नकोच, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या युटामधली कर्कहॅम कंपनी मूळ पद्धतीच्या अ‍ॅल्युमिनियम बॉड्या बनवते, अर्थात कितीतरी जास्त किमतीला.

स्पीडस्टरच्या प्रतिकृतींचं दुखणं थोडं वेगळं. या उघड्या गाडीला छत नाही, म्हणून मजबुतीसाठी उंबरठ्यात आणि दरवाज्यांच्या खांबांत पोलादी नळ्या फायबरमध्ये गाडून टाकतात. नळीला आधी गंजरोधक लावलेला नसेल आणि फायबरचा थर कुठे उघडा राहिला असेल, तर पावसाचं पाणी आत शिरतं. गंज फुगतो आणि फायबरला आतून फोडतो. वरून दिसते फक्त एक लांब, सरळ चीर आणि तिच्याभोवती तांबूस डाग. असा डाग दिसला, तर पुट्टीवाल्याकडे नव्हे, वेल्डिंगवाल्याकडे जावं लागतं. नळ्याच नसतील, तर दुसरी तऱ्हा: दरवाजा उघडताना जड, बंद करताना वर उचलून लावावा लागतो.

भार सोसण्याचं काम फायबरवर टाकायचं तर किती विचार लागतो, याचं उत्तम उदाहरण लोटस एलीटचं आहे. १९५७ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेली ही गाडी चेसिसशिवाय होती. पूर्ण सांगाडा फायबरग्लासचाच, पोलाद फक्त मोजक्या ठिकाणी गाडलेलं. वजन आणि हवेचा विरोध या दोन्ही बाबतींत ती काळाच्या पुढे होती. पण सस्पेन्शन जिथे फायबरला जोडलं होतं, तिथेच ते फायबर फाटून बाहेर येऊ लागलं. फायबरला पसरलेला भार मानवतो, एका बिंदूवरचा नाही. पुढच्या गाड्यांत लोटसने पोलादी कणा घेतला आणि त्यावर फायबरची बॉडी बसवली. आजच्या बहुतेक प्रतिकृतीही याच मार्गाने जातात. खाली पोलादी नळ्यांची चेसिस असते आणि भार ती सोसते. बिजागरी, कुलूप, सीटबेल्ट यांच्यामागे धातूची रुंद पट्टी असावी, हा नियमही यातूनच आला.

आपल्याकडेही फायबरच्या क्रीडा-गाड्या झाल्या आहेत. महाराष्ट्रातल्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर फायबर बॉडीची रोडस्टर बनवली, तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन होतं. बंगळुरूच्या सॅन मोटर्सची स्टॉर्म हीदेखील फायबरचीच छोटी उघडी गाडी. इंग्लंडच्या ढगाळ हवेत दहा वर्षांत जे होतं, ते आपल्या उन्हात आणि पावसात लवकर होतं, त्यामुळे अशी जुनी गाडी घेणाऱ्याने वर सांगितलेल्या गोष्टी अधिकच काळजीने पाहाव्यात.

पाहायचं कसं? पोलादी गाडीत पुट्टी शोधायला लोक लोहचुंबक लावतात, इथे तो निरुपयोगी. रंगाची जाडी मोजणारी साधी चुंबकी यंत्रंही फायबरवर चालत नाहीत. त्याऐवजी नाणं घ्यावं आणि बॉडीवर हलकेच टकटक करत जावं. सलग फायबरचा आवाज कडक आणि एकसारखा येतो. जिथे थर सुटले आहेत किंवा पुट्टीचा जाड थर आहे, तिथे तो मंद, बसका होतो. लांब ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बाजूच्या पॅनेलवर पडेल असं उभं राहून हळूहळू चालावं. प्रतिबिंबाची रेघ जिथे थरथरते, तिथे बॉडी सपाट नाही. मग गाडीचा एक कोपरा जॅकवर उचलावा आणि त्याच बाजूचा दरवाजा उघडून लावून पाहावा. फट बदलली, तर चेसिस किंवा उंबरठा कमकुवत आहे.

आणि बॅटरी घेऊन गाडीखाली शिरावं. मडगार्डची आतली बाजू, बॉनेटची पाठ, डिकीचा तळ काळा रंग किंवा जाड गालिचा लावून पूर्ण झाकला असेल, तर निदान एका कोपऱ्यात तो उचलू देण्याची विनंती करावी. चांगल्या कामात मॅट एकसारखी भिजलेली, अर्धपारदर्शक दिसते. पांढरे कोरडे ठिपके म्हणजे तिथे रेझिन पोचलं नाही. चकचकीत, तंतूच न दिसणारी डबकी म्हणजे तिथे ते साचलं. कडांची जाडी ठिकठिकाणी बोटाने तपासावी. एका जागी दोन मिलिमीटर आणि दुसरीकडे सहा अशी तफावत असेल, तर मॅट हाताने लावली असो वा तंतू तोडून फवारणाऱ्या यंत्राने, हात बेफिकीर होता. फवारणीच्या पद्धतीला उगाच नावं ठेवली जातात. कुशल माणूस तिनेही उत्तम बॉडी काढतो, फक्त जाडीवरचा ताबा पूर्णपणे त्याच्या मनगटात असतो. बॉडीला अजून तीव्र, औषधी रेझिनचा वास येत असेल, तर ती पिकलेली नाही आणि तिला रंग देण्याची वेळ अजून आलेली नाही.

दुरुस्तीत सर्वांत जास्त फसगत होते ती तडा पुट्टीने बुजवण्यात. तडा जेलकोटपुरताच असला, तरी तो पूर्ण खरवडून चांगल्या फायबरपर्यंत जावं लागतं. खाली फायबरही तुटलं असेल, तर कड तिरकी घासावी, जाडीच्या साधारण बारापट रुंद उतार द्यावा, पाठीमागून नवे थर चढवावेत आणि मगच समोरून भरावं. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला घट्ट धरतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट भरवशाने पिकत नाही, हा क्रम चुकू नये. जुना रंग उतरवायला पत्र्यावर चालणारं रासायनिक रिमूव्हर वापरलं, तर ते जेलकोटलाच खातं. फायबरवर रंग घासूनच उतरवायचा. आणि घासण्याआधी बॉडी मेण काढणाऱ्या द्रावणाने धुवायची, कारण साच्याचं मेण पृष्ठभागावर राहिलं आणि घासताना ते आत चोळलं गेलं, तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात आणि ते कितीही हात दिले तरी भरत नाहीत. काचेची धूळ फुप्फुसाला आणि कातडीला त्रास देते, म्हणून हे काम करणाऱ्याने चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालायलाच हवेत. हे सगळं नीट करूनही तडा त्याच जागी परत आला, तर रंगारी बदलण्याऐवजी त्या जागेच्या आसपासचे बोल्ट एकेक करून सैल करावेत आणि कोणता सोडल्यावर बॉडी जागची हलते ते पाहावं.